वरून, मधून, तळातून

गेल्या वर्षी मार्चमध्ये, दहावीच्या गणिताच्या पहिल्या पेपरला, छप्पन्न वर्षांच्या शेषेरावांनी तीन प्रश्न सोडवले: सगळ्यात वरचा, मधला आणि सगळ्यात खालचा. तिन्ही बरोबर होते, हे नंतर घरी पडताळून पाहिलं गेलं. मग त्यांनी पेनाला टोपण लावलं, हाताची घडी घातली आणि उरलेला वेळ समोरच्या फळ्याकडे बघत काढला. पर्यवेक्षकांनी दोनदा जवळ येऊन विचारलं, "काका, काही अडचण आहे का?" दोन्ही वेळा उत्तर एकच मिळालं: "अडचन कायबी न्हाई. नमुना काढून ठेवलाय. बघून घ्या म्हना."

शेषेराव नापास झाले.

बाकीच्या पेपरांतही त्यांनी हेच केलं होतं. फक्त मराठीत ते पास झाले, कारण तळाच्या नमुन्यात निबंध आला.

शेषेराव लातूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका डाळ मिलमध्ये आवक तपासतात. तुरीचा ट्रक गेटवर आला की ते लोखंडी नळी घेऊन निघतात. पोत्याच्या वरच्या भागात नळी खुपसून मूठभर तूर काढायची, मग मधून, मग तळातून. व्यापारी चांगला माल वर भरतो आणि किडका तळाशी दडवतो, म्हणून तीन ठिकाणं. तिन्ही मुठी तळहातावर पसरायच्या, एक दाणा दाताखाली घ्यायचा. दाणा टक्कन फुटला तर माल वाळलेला. दबला तर शेषेराव म्हणतात, "ओल हाय." हे दोन शब्द ऐकून व्यापाऱ्यांचे चेहरे उतरलेले मी अनेकदा पाहिले आहेत. पास झालेला नमुना सदऱ्याच्या डाव्या खिशात जातो, नापास झालेला उजव्या. संध्याकाळपर्यंत कोणता खिसा जास्त फुगला, त्यावरून बाजाराचा हंगाम कसा चाललाय ते मिलमध्ये कळतं.

हे काम ते एकतीस वर्षं करत आहेत. त्याचा परिणाम इतर गोष्टींवर झाला आहे.

अर्धापूरच्या केळ्यांचा गाडा मिलच्या रस्त्याला उभा असतो. शेषेराव घडाचं वरचं एक, मधलं एक आणि खालचं एक केळं तोडून खातात आणि मग निर्णय देतात. गाडेवाला एकदा म्हणाला, "मामा, तीन खाल्ली. आता घेनार किती?"

"दोन."

"मंग नमुनाच झाला की सगळा!"

"माल चांगला असला की पोट नमुन्यातच भरतंय. तुझ्या केळीची तारीफ करून राहिलो, तर तू भांडून राहिला."

मी या मिलच्या कार्यालयात पत्रव्यवहार पाहतो. त्याआधी अकरा वर्षं नांदेडच्या एका दैनिकात होतो, म्हणून शेषेराव मला 'बातमीवाले' म्हणतात. पेपर ते माझ्याच टेबलावर वाचतात. पहिल्या पानावरची वरची बातमी, मधल्या पानावरची मधली जाहिरात आणि शेवटच्या पानाचा तळ. एवढ्यावर त्या दिवसाच्या अंकाला दर्जा मिळतो. "आज दुय्यम माल हाय," म्हणून ते उठतात. दैनिकात असताना आमच्या संपादकांचाही शेरा बहुतेक वेळा हाच असे. फक्त त्यांना पूर्ण अंक वाचावा लागे.

लग्नाच्या पंगतीतही ते आधी ताटातल्या तीन जागा चाखतात. भाषणांच्या बाबतीत मिलच्या गणेशोत्सवातली नोंद आहे: पाहुणे बोलायला उठले की पाच मिनिटं ऐकायचं, डोळे मिटायचे, मध्ये एकदा उघडायचे आणि आभाराच्या आधी नेमकं जागं व्हायचं. एका वर्षी पाहुण्यांनीच त्यांना विचारलं, भाषण कसं झालं? "वरचं आन् तळाचं एकच निघालं साहेब," शेषेराव म्हणाले. "मिलावट न्हाई."

एका बाबतीत मात्र ते हसत नाहीत. उदगीरकडच्या एका व्यापाऱ्यानं नमुन्याची पिशवी आधी पाठवली होती, ती एक नंबर होती. मागून आलेल्या ट्रकमधली तूर तिच्याशी जुळेना. व्यापारी म्हणाला, "उन्नीस-बीस चालतंय की, मामा." दिवाळी चार दिवसांवर होती, मिलला माल हवा होता आणि धाकटे मालक स्वतः गेटवर आले होते. शेषेरावांनी ट्रक परत पाठवला.

"नमुना दावला तसाच माल द्यायचा," ते मालकांना म्हणाले. "न्हाई जमत तर नमुना दावायचा न्हाई. तोंड बंद ठिवायचं."

धाकटे मालक त्या दिवशी रागावले होते. पण पुढच्या वर्षी पुण्याहून शिक्षण पुरं करून ते कायमचे परत आले तेव्हा त्यांनी जी पहिली सूचना लावली, तिच्यावरचा पहिला अर्ज शेषेरावांचा आहे.

सूचना मीच टाइप केली होती. ज्या कामगारांचं शिक्षण राहिलंय त्यांचा परीक्षेचा आणि पुस्तकांचा खर्च मिल करणार. पेपरच्या दिवशी भरपगारी सुट्टी. दहावीसाठी दोन संधी; दुसऱ्यांदा नापास झाल्यास नाव योजनेतून कमी. पास झाल्यास पुढच्या शिक्षणाचा खर्चही मिलकडे, आणि कामगाराला स्वतः शिकायचं नसेल तर ही सवलत घरातल्या एका व्यक्तीच्या नावे करता येईल.

शेषेरावांनी फलकासमोर उभं राहून पहिली ओळ वाचली, मधली वाचली, शेवटची वाचली. त्या सूचनेत महत्त्वाच्या ओळी नेमक्या तिथेच होत्या. मग ते माझ्याकडे आले.

"बातमीवाले, घरातली म्हंजे कोन कोन?"

"नवरा, बायको, मुलगा, मुलगी."

"सून?"

मी कागद पाहिला. सून नव्हती.

"कुणासाठी? रेणुकासाठी?"

"कुनासाठी का असंना. बसती का न्हाई, तेवढं इचारा."

मी आत जाऊन विचारलं. मालकांनी फलकावरच्याच कागदावर पेनानं 'सून' हा शब्द वाढवला आणि बाजूला सही केली. शेषेरावांनी त्या शब्दावर बोट ठेवून पाहिलं. "ओल हाय अजून," ते म्हणाले आणि शाई वाळेपर्यंत तिथेच उभे राहिले. मग अर्ज मागितला. देताना मला एक अट घातली: घरी यातलं काही बोलायचं नाही.

"का?"

"आशा लावली आन् माल न्हाई दिला, तर लई वंगाळ. तिला येकदा झालंय तसं."

घरी त्यांनी वेगळंच सांगितलं. मिलमध्ये ओल मोजायचं मशीन आलंय, दहावी पास नसलेल्याला आता गेटवर ठेवत नाहीत, नोकरी जाणार. मशीन खरोखर आलं होतं. बाकी सगळं खोटं होतं. मशीनचा आकडा आणि शेषेरावांचा दात यांत फरक पडला तर मालक अजून दाताचंच ऐकतात. "मशीन बराबर हाय," शेषेराव म्हणतात, "पर त्याला दात न्हाईत."

चाकूर तालुक्यातल्या त्यांच्या गावच्या शाळेतून आठवीपर्यंतचा दाखला आणला गेला. बाहेरून परीक्षेला बसण्याचा सतरा नंबरचा फॉर्म भरला गेला. आणि सासऱ्याची नोकरी वाचवायची म्हणून रेणुका त्यांना शिकवायला बसली.

रेणुका मूळची देवणीची. बारावी सायन्स चांगल्या मार्कांनी पास झालेली. तिला नर्स व्हायचं होतं. चार वर्षांपूर्वी तिचं लग्न शेषेरावांच्या मुलाशी, बालाजीशी झालं. त्याचं ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज आहे. घरी आल्यावर सहा महिन्यांत सासूबाई अंथरुणाला खिळल्या. पुढची दोन वर्षं त्यांची औषधं, पथ्यं, अंघोळ, सगळं रेणुकानं केलं. सासूबाई गेल्या. नर्सिंगचं नाव त्यानंतर तिच्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं.

मार्चमधला तो प्रकार यानंतरचा. निकाल लागला त्या दुपारी शेषेराव गुणपत्रिका घेऊन माझ्या टेबलाशी आले. ती त्यांनी आधीच उजव्या खिशात घालून आणली होती.

"बाकीचे प्रश्न सोडवले का नाहीत?" मी विचारलं.

"कशाला? वरचा दिला, मधला दिला, तळाचा दिला. तिन्ही एक नंबर. आता सगळं पोतं ओतून दावायचं का त्याला?"

"शेषेराव, परीक्षकाला सगळं पोतं लागतं."

त्यांनी गुणपत्रिका खिशातून काढून पुन्हा एकदा पाहिली.

"मंग तो यापारी न्हाई," ते म्हणाले. "गिऱ्हाईक हाय."

मिलमध्ये दोन दिवस याच विषयावर हशा चालला. हमाल पोतं खांद्यावर घेताना विचारत, "शेषेराव, वरचं उचलू, मधलं का तळाचं?" लॅबमधल्या सविता मॅडमनी मशीनवर खडूनं लिहून ठेवलं: 'मी पण नापास.' शेषेराव त्या सगळ्यांबरोबर हसले. हसण्याचा कार्यक्रम आटोपल्यावर मला एकट्याला म्हणाले, "येक संधी राहिली न्हवं?"

"एकच. जुलैची."

"हाव. मालूम हाय."

जुलैच्या फॉर्मवर सही घ्यायला मी संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो. सहा वाजले होते. घराच्या ओट्यावर शेषेराव मांडी घालून बसले होते, समोर विज्ञानाचं पुस्तक, आणि रेणुका परातीत डाळ निवडत त्यांची उजळणी घेत होती. मार्चमध्ये नेमकं काय झालं, हे तिला त्यांनी सांगितलं नव्हतं. ते तिनं प्रश्नपत्रिकेवरच्या खुणांवरून काढलं होतं.

"मामा, पुस्तक कुठवर झालं?"

"झालं की. पहिला धडा, मधला धडा, शेवटचा धडा."

रेणुकानं परात त्यांच्यापुढे सरकवली.

"ही डाळ शिजवायची हाय. वरून, मधून, तळातून बघा आन् टाका पातेल्यात."

"अगं माय, ही निवडावी लागंल. खडा असंल."

"कुठं असंल?"

"कुठंबी असंल की."

"मंग?" रेणुका म्हणाली. "पुस्तक पोत्यावानी नका बघू. परातीवानी बघा. येक खडा राहिला की दात गेला."

शेषेरावांनी माझ्याकडे पाहिलं. मिलमध्ये डाळ निवडणाऱ्या बायांची रांग वेगळी असते आणि गेटवरचा माणूस त्या रांगेकडे कधी फिरकत नाही.

"बघितलं का बातमीवाले? एकतीस वर्सं तपासणी केली. आता ही मला बायांच्या रांगेत बसवून राहिली."

"बसा की," रेणुका म्हणाली. "त्या रांगेतला माल कधी परत आलेला ऐकला का?"

तो आलेला नव्हता. शेषेरावांनी पुस्तक पहिल्या पानावर आणलं, पहिल्या ओळीखाली बोट ठेवलं आणि दाणा बाजूला सारावा तसं ते सरकवायला सुरुवात केली.

जूनच्या उरलेल्या दिवसांत हे बोट मी गेटवर, वजनकाट्यापाशी आणि जेवणाच्या सुट्टीत लिंबाखाली पाहिलं. ज्या ओळी समजत नसत त्यांच्याशेजारी ते तुरीचा एक दाणा ठेवून पुस्तक मिटत. संध्याकाळी ओट्यावर पुस्तक उघडलं की दाणे परातीत पडत आणि रेणुका मोजून सांगे, आज खडे किती. पहिल्या दिवशी मूठभर निघाले. जुलैच्या पहिल्या आठवड्यात तीन निघाले. बालाजी गॅरेजमधून आला की ओट्याच्या कडेला बसून ऐकायचा. एकदा त्यानं बीजगणितात मध्येच तोंड घातलं, तर शेषेराव म्हणाले, "तू गप. तुझी दहावी काठावरची हाय."

जुलैच्या परीक्षेला पर्यवेक्षक तेच होते. त्यांनी दिलेली माहिती अशी: शेषेरावांनी पहिल्या प्रश्नापासून सुरुवात केली, एकही प्रश्न सोडला नाही, इतिहासाला तीनदा पुरवणी मागितली आणि शेवटची घंटा झाल्यावर उत्तरपत्रिका त्यांच्या हातातून ओढून घ्यावी लागली.

निकाल ऑगस्टअखेर लागला. शेषेराव सगळ्या विषयांत पास झाले. गणितात काठावर.

"काठावर!" हमाल ओरडले.

"काठावर का हुईना," शेषेराव म्हणाले, "पोत्याच्या आत हाय न्हवं?"

मालकांनी पेढे वाटले आणि सगळ्यांसमोर एक गोष्ट सांगितली. सविता मॅडमच्या हाताखाली लॅबमध्ये एक जागा होणार आहे. सावलीतलं काम, पंखा, खुर्ची. त्यासाठी बारावी लागते. मिल शेषेरावांना बारावी करवेल आणि जागा तोवर रिकामी ठेवेल. टाळ्या झाल्या. शेषेरावांनी पेढ्याचा कोपरा दातानं तोडून पाहिला, मान हलवली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्याकडे येऊन योजनेचा दुसरा अर्ज मागितला. सवलत नावे करण्याचा.

अर्ज त्यांनी स्वतः भरला. लिहायला पाऊण तास लागला. मी मालकांकडे नेला, मंजूर झाला. मंजुरीचं पत्र आणि अर्जाची प्रत घरी द्यायची होती. शेषेराव म्हणाले, "तुमीच चला. मला न्हाई जमायचं."

रेणुकानं पत्र ओट्यावर उभ्या उभ्याच वाचलं. नांदेडच्या नर्सिंग कॉलेजचा तीन वर्षांचा खर्च, वसतिगृहासह, असं त्यात होतं. ते संपल्यावर तिनं अर्जाची प्रत वाचायला घेतली. नाव, वय, नातं. शेवटी एक रकाना होता: सवलत नावे करण्याचं कारण. तिथे शेषेरावांनी लिहिलं होतं: 'सोयरिकीच्या बैठकीत देवणीला पोरगी शिकवू म्हणून मी बोललो होतो. नमुना दाखवला. माल द्यायचा राहिला.'

तिनं ते दोनदा वाचलं असावं. तेवढा वेळ गेला.

"मामा, आन् तुमची नोकरी? मशीनचं?"

"नोकरीला काय धाड भरलीय?"

"म्हंजे खोटं बोलला तुमी मला? वर्सभर?"

"वरचं खोटं हुतं," शेषेराव म्हणाले. "मधलं बी खोटंच. तळाचं खरं हुतं."

"आन् लॅबमधली खुर्ची? बारावी?"

"मला गेटवर बरं वाटतंय. खुर्चीवर बसून ट्रक दिसत न्हाईत."

रेणुका आत गेली. आतून बराच वेळ भांड्यांचा आवाज येत होता. ओट्याच्या कडेला बसलेला बालाजी उठून आत गेला आणि लगेच बाहेर आला. थोड्या वेळानं चहा आला. चहात साखर नव्हती. शेषेरावांनी पहिला घोट घेतला, बशी खाली ठेवली आणि म्हणाले, "एक नंबर."

दिवाळीच्या आधी रेणुका नांदेडला गेली. बसस्थानकावर शेषेराव होते, बालाजी होता. शेषेरावांनी तिच्या डब्यातली तिन्ही मजल्यांवरची भाजी चाखून पाहिली आणि डबा तिच्या हातात दिला. वसतिगृहातल्या वरणाबद्दल तिनं फोनवर तक्रार केल्याचं कळलं. पुढच्या रविवारी शेषेराव पाच किलो तूरडाळ घेऊन नांदेडला जाऊन आले. तिथल्या स्वयंपाकिणीशी त्यांचं काय बोलणं झालं ते समजलेलं नाही. वरण सुधारल्याचं रेणुका सांगते.

बालाजीच्या म्हणण्याप्रमाणे, ते अजून रोज सहा वाजता ओट्यावर बसतात. समोर परात असते. पुस्तक दहावीचंच आहे.

या वर्षी मार्चमध्ये रेणुकाच्या पहिल्या सहामाहीचा निकाल आला. तिनं मोबाइलवर फोटो पाठवला. शेषेराव फोन घेऊन माझ्याकडे आले.

"ह्ये कागदावर काढून द्या. फोनवरचं दाताखाली येत न्हाई."

मी छापून दिला. तो घेऊन ते गेटवरच्या स्टुलावर बसले. त्यांनी पहिल्या ओळीखाली बोट ठेवलं. कॉलेजचं नाव, रेणुकाचं नाव, बैठक क्रमांक, मग एकेक विषय, लेखी किती, तोंडी किती, तळाची सही, शिक्का. गेटबाहेर तुरीचे चार ट्रक उभे होते आणि पहिल्या ट्रकचा ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. "शेषेराव, गाडी!" हमालानं दोनदा हाक मारली. त्यांनी मान वर केली नाही. बोट शिक्क्याच्या कडेपर्यंत गेलं, तिथून कागद उलटा करून त्यांनी मागची बाजूही पाहिली. ती कोरी होती.

मग त्यांनी कागदाची घडी केली, डाव्या खिशात ठेवली आणि नळी उचलली.